‘चेक’ हा शब्द मुळात कोणाचा?

मागच्या रमजानच्या आधीची गोष्ट. भिवंडीतील एका यंत्रमागधारक मित्राच्या गादीवर आम्ही बसलो होतो. समोर चौकड्याच्या लुंग्यांचे गठ्ठे रचलेले होते. मित्र दलालाला सांगत होते, “हा बारीक चेक आता चालत नाही, मोठा चेक काढू या.” इतक्यात सूतवाल्याचा माणूस दारात उभा राहिला. “शेठ, चेक तयार आहे का?” आणि मागून कारकुनाने आवाज दिला, “मालेगावच्या गाठी आल्यात, आधी चेक करून घ्या, दोन कमी दिसतात.”

एकाच खोलीत, पाच मिनिटांत, एक शब्द तीन अर्थांनी वापरला गेला आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही. आम्हाला गंमत वाटली आणि आम्ही ती बोलून दाखविली. त्यावर मित्राचा बी. कॉम. झालेला भाचा म्हणाला, “मामू, चेक हा शब्द तर मुळात आपलाच. अरबीत ‘सक्क’ म्हणतात. युरोपवाल्यांनी तिथूनच उचलला.” सगळ्यांना बरे वाटले. चहा आला.

हे विधान आम्हीही अनेक भाषणांत आणि लेखांत पाहिले आहे. खोटे कशाला बोला, एका सभेत आम्ही स्वतःही ते ठोकून दिले होते. मात्र त्या दिवशी घरी आल्यावर वाटले की, ज्या कागदावर आपला रोजचा धंदा चालतो त्याच्या नावाची एकदा नीट झडती घ्यावी. शब्दकोश काढले, जुना इतिहास चाळला. जे हाती लागले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत, कारण त्याचा संबंध केवळ भाषेशी नाही, गल्ल्याशीही आहे.

सक्क म्हणजे काय होते?

प्रथम भाच्याच्या बाजूचे जे खरे आहे ते सांगतो. ‘सक्क’ ही चीज होती आणि मोठी होती. अरबीत सक्क म्हणजे लेखी दस्तऐवज, देण्या-घेण्याचा लिहून दिलेला कागद. फारसीत त्याला ‘चक’ म्हणत आणि अरबीतला सक्क या फारसी ‘चक’वरूनच आला असे जाणकार मानतात. त्याचे अनेकवचन ‘सुकूक’. आज मलेशियात आणि आखाती देशांत बिनव्याजी भांडवल उभारणीसाठी जे रोखे निघतात त्यांना सुकूक म्हणतात, ते याच शब्दाचे वारस.

दहाव्या शतकात इब्न हौकल नावाचा प्रवासी व्यापारी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या मॉरिटानियातील औदगस्त या बाजारपेठेशी संबंधित एक सक्क पाहिल्याचे लिहून ठेवतो. रक्कम होती ४२,००० दिनार. देणेकरी औदगस्तचा, घेणेकरी मोरोक्कोच्या बाजूच्या सिजिल्मासाचा. मध्ये वाळवंट पसरलेले. इतकी मोठी उधारी एका कागदावर आणि साक्षीदारांच्या सहीवर उभी होती, याचे खुद्द इब्न हौकललाही आश्चर्य वाटले. आपल्या तऱ्हेने सांगायचे तर ती कर्जाची साक्षांकित चिठ्ठी होती. एखाद्या पेढीला ‘अमक्याला इतके दे’ असा हुकूम देणारा आजचा चेक ती नव्हती.

त्याहूनही जुना आणि आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटणारा दाखला इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’त आहे. मरवान बिन हकमच्या अमदानीत लोकांना सरकारी धान्याच्या चिठ्ठ्या म्हणजे सुकूक देण्यात येत. धान्य अल-जार येथे मिळायचे. हे तांबड्या समुद्रावरचे मदिनेचे बंदर. लोकांनी काय केले? धान्य ताब्यात येण्यापूर्वीच चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. हजरत जैद बिन साबित (रजि.) आणखी एका सहाबींना घेऊन मरवानकडे गेले आणि हा व्यवहार व्याजाच्या वाटेचा असल्याचे त्यांनी त्याला परखडपणे सुनावले. मरवानने शिपाई पाठवून लोकांच्या हातातल्या चिठ्ठ्या जमा केल्या आणि मूळ मालकांना परत केल्या. मागे माल नाही आणि पुढे कागद फिरतो आहे, ही अडचण तेरा शतकांपूर्वी मदिनेतही आली होती.

एवढे सगळे असूनही इंग्रजी ‘चेक’ हा शब्द ‘सक्क’वरून आला असे मात्र म्हणता येत नाही. आवाज जुळला म्हणजे नाते जुळले असे नसते. नाही तर ‘चेक प्रजासत्ताक’ हा देशही चेकबुकाचा नातेवाईक ठरेल. त्या देशाचे नाव तिथल्या लोकांवरून पडले आहे आणि व्यापाऱ्यांना तो आणखी एका कारणाने ठाऊक असावा, कारण बाटा कंपनी १८९४ साली तिथल्याच झ्लिन गावी सुरू झाली. असो. शब्दाचे नाते सिद्ध करायला मधले दुवे लागतात. अमुक शतकात अमुक बंदरात अमुक पेढीवर हा शब्द असा वापरला जात होता, असे कागद लागतात. सक्क आणि चेक यांच्या दरम्यान असे दुवे सापडत नाहीत. दुसऱ्या एका वाटेचे दुवे मात्र साखळीसारखे एकात एक अडकलेले मिळतात.

गंमत अशी की आजच्या बहुतेक अरब देशांत बँकेच्या चेकला ‘शीक’ म्हणतात आणि तो शब्द युरोपातून उसना आणलेला आहे. इराकसारख्या देशात ‘सक्क’ अजून टिकून आहे. आपले जे बांधव कामधंद्यासाठी आखातात राहून आले त्यांनी ‘शीक’ ऐकलाच असेल.

बादशहा अडला तेथून सुरुवात

मग खरी वाट कोणती? ती शतरंजाच्या पटावरून जाते.

हा खेळ हिंदुस्थानातून ‘चतुरंग’ म्हणून इराणात गेला, तिथे ‘चत्रंग’ झाला. अरबांनी इराण घेतल्यावर त्याचा ‘शतरंज’ झाला. इराणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की त्याला सावध करण्यासाठी पुकारीत, “शाह!” म्हणजे बादशहा सांभाळा. अरबांनी हा पुकारा तसाच उचलला आणि स्पेन-सिसिलीच्या बाजूने खेळाबरोबर तो युरोपात पोचला. लॅटिनला ‘श’ पेलेना. त्यांनी ‘स्काकुस’ केले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’ झाले. इंग्रजांनी पुढचा ‘एस्’ गाळला आणि राहिला तो ‘चेक’. चौदाव्या शतकातील इंग्रजीत तो रुळलेला दिसतो. खेळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ हे याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आले. थोडक्यात, चेस आणि चेक हे सख्खे भाऊ आणि त्यांचा बाप ‘शाह’.

मराठीत तर हा शब्द आपण आजही मूळ रूपात वापरतो. बुद्धिबळात आपण ‘चेक’ म्हणत नाही, ‘शह’ म्हणतो. राजकारणात ‘शह-काटशह’ म्हणतो. ‘मात करणे’ म्हणतो. इंग्रजीतला ‘चेकमेट’ म्हणजे तरी काय? ‘शाह मात’. पुष्कळ लोक याचा अर्थ ‘बादशहा मेला’ असा लावतात, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला, आणि शतरंजात राजाला कोणी मारीत नाही, तो कोंडला जातो. तेव्हा फारसी अर्थच आम्हाला पटतो. खुद्द ‘शाह’ या शब्दाचे मूळ जुन्या इराणी भाषेत आहे आणि संस्कृतातील ‘क्षत्र’, म्हणजे सत्ता, या शब्दाशी त्याचे नाते आहे. इतके फिरून आलेला शब्द कोणा एकाचा म्हणायचा?

पटावर शह बसला की बाकी सगळ्या चाली थांबतात, आधी राजा सोडवावा लागतो. त्यावरून इंग्रजीत चेक म्हणजे थांबविणे, अटकाव करणे. अटकाव करून पाहणी करणे हा त्यापुढचा अर्थ. चेक नाका, तिकीट चेकर, गाठी चेक करणे हे सगळे याच रांगेतले.

कापडातला चेक वेगळ्या दाराने आला. तो राजावरून नाही, राजा ज्या पटावर उभा असतो त्या पटावरून आला. पटाला फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिये’ म्हणत, इंग्रजीत ‘चेकर’, आणि त्याचे तोडून ‘चेक’. म्हणजे चौकडा. चौकडा काढणे किती किचकट असते हे मागावर बसणाऱ्यांना सांगायला नको. ताण्यात रंगीत सुताचा क्रम लावला की नुसत्या उभ्या पट्ट्या येतात. बाण्यातही त्याच मापाने रंग बदलत गेला तरच घर पडते. साधा माग एकाच धोट्यावर चालतो, चौकड्याला धोटे बदलणारा माग लागतो. मित्राच्या लुंगीचे एक घर चुकले की गिऱ्हाईक कोपऱ्यातून कापड धरून लगेच दाखवते. कापडातला चेक लपत नाही, कागदावरचा चेक मात्र लपतो, आणि इथूनच खऱ्या विषयाला हात घालतो.

तिजोरीचे टेबल आणि खाचांची काठी

इंग्लंडच्या सरकारी खजिन्याला आजही ‘एक्स्चेकर’ म्हणतात आणि तिथल्या अर्थमंत्र्याचा हुद्दा ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ असा आहे. हे नाव शतरंजाच्या पटावरून पडले. बाराव्या शतकात राजाचे अंमलदार वर्षातून दोनदा वसुलीचा हिशेब द्यायला येत. हिशेब व्हायचा तो एका लांबट टेबलावर. रिचर्ड फिट्झनील हा त्या खजिन्याचा मुख्य अधिकारी होता. त्याने ११७७ च्या सुमारास लिहायला घेतलेल्या ग्रंथात या टेबलाचे वर्णन आहे. लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच फूट, वर ठेवलेले काही घरंगळू नये म्हणून कडेला चार बोटे उंच काठ. वर काळे कापड आणि त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने आखलेल्या रेघा. कोणी पाहिले तर शतरंज मांडल्यासारखेच वाटावे.

असे का करीत? कारण त्यांच्याकडे हिशेबाला सोयीचे अंक नव्हते. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे शिक्षा. हिंदुस्थानात जन्मलेले आणि अल-ख्वारिझ्मीसारख्यांनी पुढे नेलेले अंक अजून त्या दफ्तरात पोचले नव्हते. म्हणून एका घरात पेनी, दुसऱ्यात शिलिंग, तिसऱ्यात पौंड, पुढे विसा, शेकडा, हजार, अशा सोंगट्या मांडून सर्वांच्या डोळ्यांदेखत बेरीज करीत. अंमलदार एका बाजूला, राजाचा खजिनदार दुसऱ्या बाजूला. फिट्झनीलने याची तुलना खरोखरच शतरंजाच्या डावाशी केली आहे.

हिशेब झाला की पावती म्हणून कागद नसे, लाकडाची काठी असे. तिला ‘टॅली’ म्हणत. आज आपल्या दुकानांतील संगणकावर ज्या टॅलीत हिशेब लिहितात तिचे नाव या शब्दावरूनच आहे. काठीवर खाचा पाडीत. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग थोडा लांब ठेवायचा, तो पैसे भरणाऱ्याला. त्याला ‘स्टॉक’ म्हणत. आखूड भाग खजिन्यात राही, तो ‘फॉइल’. पुढे तंटा झाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. खाचा जुळल्या, लाकडाच्या रेषा जुळल्या, तर पावती खरी. एकाच भागावर कोणी चोरून खाच वाढविली तर दुसरा भाग लगेच साक्ष देणार. निरक्षर माणसालाही कळेल असा हा पुरावा होता आणि तो सहाशे वर्षांहून अधिक चालला. एकोणिसाव्या शतकात तो बंद पडला. साठलेल्या जुन्या काठ्या जाळून टाकण्याचा हुकूम निघाला आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या भट्टीत कोंबताना लागलेल्या आगीत ब्रिटिश पार्लमेंटची इमारतच बेचिराख झाली. जुनी दफ्तरे निष्काळजीपणे निकाली काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

नाव पानाचे नव्हते

आता मुद्द्याचे. सतराव्या शतकात लंडनचे लोक सराफ-लेखनिकांकडे पैसा ठेवून ‘अमक्याला इतके द्यावे’ अशी चिठ्ठी लिहू लागले होते. १६ फेब्रुवारी १६५९ ची, ४०० पौंडांची अशी एक हस्तलिखित चिठ्ठी आजही जतन केलेली आहे. पण तेव्हा तिला चेक म्हणत नव्हते. ती नुसती चिठ्ठी किंवा ड्राफ्ट होती.

मग चेक कशाला म्हणत? सरकारी रोखे आणि बँकेच्या नोटा पुस्तकातून फाडून देताना मागे जो भाग शिल्लक राही, ज्यावर नंबर आणि रक्कम टिपून ठेवीत, त्याला ‘चेक’ म्हणत. १७०६ च्या सुमाराच्या इंग्लंडच्या कायद्यात चेक, इंडेंट आणि काउंटरफॉइल हे शब्द एकाच अर्थाने, एका ओळीत येतात. फाडलेला कागद परत आला की तो मागच्या भागाशी जुळवून पाहायचा. जुळला तर खरा, न जुळला तर कोणीतरी रकमेत फेरफार केला. थोडक्यात, खाचांच्या काठीचा आखूड भागच कागदी होऊन बसला. लबाडीला शह देणारा म्हणून तो ‘चेक’. अठराव्या शतकात असा मागचा भाग असलेली छापील पुस्तके पेढ्यांनी ग्राहकांना द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू मागच्या भागाचे नाव पुढच्या कागदाला चिकटले. इंग्रजांनी एक्स्चेकरच्या थाटात त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकेत जुनेच राहिले. देवनागरीने हा तंटाच ठेवला नाही. आपल्याकडे लुंगीचा, बँकेचा आणि नाक्याचा चेक सारख्याच अक्षरांत लिहितात.

आमच्या सगळ्या शोधात हा मुद्दा आम्हाला सर्वात मोलाचा वाटला. चेक हे नाव मुळात त्या फाडून देण्याच्या पानाचे नव्हतेच. ते आपल्या हाती उरणाऱ्या तुकड्याचे होते. आणि आपले व्यापारी बांधव नेमका तोच तुकडा कोरा ठेवतात.

मराठीत सरकारने ‘धनादेश’ हा शब्द रूढ केला. तो अर्थाने अगदी बरोबर आहे, कारण १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानुसार चेक हा बँकेला दिलेला मागताक्षणी पैसे देण्याचा हुकूमच आहे. पण धनादेश म्हटले की फक्त हुकूम दिसतो, पडताळा दिसत नाही. आपल्या हुंडीत दोन्ही होते. हुंडी हरवली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’, त्यानंतर ‘मेजरनामा’, अशी नकलांची रीतच ठरलेली होती. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारातील पतदार माणसाच्या हातीच मिळत, रस्त्यावरच्या कोणालाही नाही. आजच्या दोन रेघा ओढलेल्या चेकसारखेच ते होते. (या शाहजोगातला शाह मात्र बादशहा नव्हे, तो साव म्हणजे साहुकार.) ‘चेक वटला’ हे क्रियापदही आपण हुंडी वटविण्यावरून घेतले. बापजाद्यांकडे ही शिस्त होती. चेकबुक आले आणि ती सैल झाली.

आमच्या ओळखीचे एक फर्निचर कारागीर आहेत. हाताला नाव आहे, हिशेबाला नाही. प्लाय आणि हार्डवेअरचा माल उधारीवर घेताना दुकानदाराने ‘सिक्युरिटी’ म्हणून सही केलेला कोरा चेक मागितला. यांनी दिला. काउंटरफॉइलवर ना नाव, ना तारीख. उधारी पुढे रोखीने फिटली, पावती घेतली नाही, चेक परत मागायचा राहून गेला. दोन वर्षांनी दुकानदाराशी दुसऱ्याच कारणावरून बिनसले. त्या चेकवर मोठी रक्कम लिहिली गेली, चेक बँकेत गेला, परत आला आणि यांच्या घरी वकिलाची नोटीस आली.

वकिलाने पहिला प्रश्न विचारला, “चेकबुकाचा मागचा भाग आणा.” त्यांनी आणला. कोरा! त्याच्या आधीचा चेक कोणाला, कधी दिला तेही लिहिलेले नव्हते. ते लिहिलेले असते तर नंबरांच्या क्रमावरून हा चेक दोन वर्षांपूर्वीचा आहे, हे दाखवायला एक आधार मिळाला असता. शेवटी चार जणांनी मध्यस्थी केली आणि जी रक्कम देणे नव्हते तिचा काही भाग भरून सुटका झाली. आम्ही त्या बैठकीला हजर होतो. कारागीर एवढेच म्हणत होते, “मी तर नुसती सही केली होती.”

कायदा या बाबतीत कोणाचे ऐकत नाही. कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला तर तो गुन्हा. शिक्षा आधी एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत झाली आणि दंड चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत देणेकऱ्याने पैसे भरायचे, न भरल्यास त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार. घेणेकरी बांधवांचेही इथे पुष्कळ नुकसान होते. “देईन हो, देईन” या भरवशावर ३० दिवस निघून जातात. पण देणेकऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. चेकवर तुमची सही असेल तर तो देण्यापोटीच दिला, असे कायदा कलम १३९ प्रमाणे धरून चालतो. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार तुमच्यावर. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तरीही हे लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. म्हणजे ‘नुसती सही’ असे काही नसतेच.

आणखी काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या सर्वांना ठाऊक नसतात. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. चेकची प्रतिमा पाठवून वटविण्याची पद्धत आल्यापासून नाव किंवा रक्कम खोडून, बाजूला सही करून दुरुस्त करता येत नाही, नवे पान लिहावे लागते. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपयांवरील चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ आहे. चेक कोणाला, किती रकमेचा, कोणत्या तारखेचा, हे तुम्ही बँकेला आधी कळवायचे आणि चेक आल्यावर बँक ते जुळवून पाहणार. पाच लाखांवरील चेकला बँक हे सक्तीचे करू शकते. आम्हाला हे वाचून खाचांची काठीच आठवली. एक भाग तुमच्याकडे, एक भाग खजिन्यात.

४ ऑक्टोबर २०२५ पासून तर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आलेला चेक लगोलग पुढे पाठविला जातो आणि देणेकऱ्याच्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगावे लागते. आपल्या बाजारातली एक जुनी सवय यामुळे मोडणार आहे. आज चेक द्यायचा आणि ‘तो फिरून यायला दोन दिवस लागतील, तोवर वसुली करून खात्यात भरू’ असा हिशेब करायचा. हा हिशेब किती जणांचा असतो ते लिहायची गरज नाही. अल-जारच्या चिठ्ठ्यांचीही अडचण हीच होती.

काही बांधव म्हणतील, आता मोबाइलवर पैसे जातात, चेकचे काय घेऊन बसलात? खरे आहे, किरकोळ देणी आता फोनवरच होतात. पण सूत, लाकूड, चामडे, गाळ्याचे डिपॉझिट, सहा महिन्यांची उधारी, इथे अजून चेकच मागतात, आणि तोही पुढच्या तारखेचा किंवा कोरा. द्यावाच लागला तर नाव लिहून, दोन रेघा ओढून, रक्कम घालून द्यावा. ‘सुरक्षेपोटी’ दिला असेल तर तसे वेगळ्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उधारी फिटली की त्याच दिवशी चेक परत घ्यावा. आजकाल पुष्कळ चेकबुकांत प्रत्येक पानाला मागचा भाग नसतो, नोंदीसाठी वेगळे पान दिलेले असते. ते पान भरले काय आणि साध्या वहीत लिहिले काय, सारखेच.

मागच्या आठवड्यात पुन्हा भिवंडीला जाणे झाले. भाच्याला आम्ही सक्कची आणि शाहची हकिगत सांगितली. तो जरा हिरमुसला, मग म्हणाला, “म्हणजे अरबी नाही, पण फारसी तर आहे!” मित्र हसले. त्यांनी ड्रॉवर उघडून चालू खात्याचे चेकबुक आमच्यापुढे टाकले. शेवटची सात काउंटरफॉइले कोरी होती. भाच्याने पेन काढले, बँकेचे स्टेटमेंट मागवले आणि एकेक आठवून भरायला बसला. पाच भरली. दोन चेक कोणाला दिले ते मामूंना काही केल्या आठवेना.